रणवाद्याचे ग्रामवाद्य

दिल्लीच्या विजय चौकात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस सायंकाळी सैन्यदलांच्या वाद्यवृंदांचे संचलन होते. त्यात बॅगपाइप वाजविणाऱ्यांची पथके येऊ लागली की प्रेक्षकांच्या नजरा तिकडे वळतात. काखेत दाबलेली पिशवी, खांद्यावर उभ्या राहिलेल्या तीन नळ्या आणि पावलांच्या ठेक्यावर चालणारा तो तीव्र, अखंड नाद एकदा ऐकला की विसरत नाही. कुमाऊँ-गढवालच्या बाजूस राहिलेल्या मंडळींना हेच वाद्य लग्नाच्या वरातीत ‘मशकबीन’ या नावाने भेटले असेल. तेथेही ते आले पलटणींच्याच वाटेने. त्यामुळे बॅगपाइप म्हणजे सैनिकांचे वाद्य, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि इतिहास पाहिला तर ती अगदीच निराधार नाही.

महाराष्ट्राच्या भूमीवर या वाद्याचे सूर दोन शतकांपूर्वीच उमटले आहेत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. त्याच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील, म्हणजे हायलंड्समधील, दोन पलटणी होत्या. डेव्हिड स्ट्यूअर्ट या हायलंडर सेनाधिकाऱ्याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मोहिमेतील एक हकीकत सांगितली आहे. असई येथे वादकांनी जखमी शिपायांची शुश्रूषा करावी असा हुकूम झाला होता. ७८ व्या पलटणीतील एका पायपरने, हा हुकूम आपल्यालाही लागू आहे असे समजून, आपले वाद्य खाली ठेवले आणि तो जखमींच्या मदतीला धावला. लढाई संपल्यावर सोबत्यांनी त्याला शाबासकी दिली नाही. उलट टोमणे मारले. बासऱ्या वाजविणारे बाजूला गेले तर चालेल, पण पायपरची जागा धुमश्चक्रीतच असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. तो बिचारा मनाला फार लावून बसला. पुढे २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगाव येथे लढाई झाली, तेव्हा त्याने असा काही आवेश दाखविला की त्या सुरांनी शिपाई बेभान होऊन वेळेआधीच धावून जातील, अशी भीती सेनाधिकाऱ्याला वाटली आणि वादन थांबविण्याची त्याला आज्ञा करावी लागली.

या हकीकतीत मराठी मनाला बोचणारे पुष्कळ आहे. पण तिच्यात या वाद्याचे जुने स्थानही स्पष्ट दिसते. पायपर हा लढवय्यांपैकीच एक होता. जखमी माणसाची सेवा करणे हे त्याच्या दृष्टीने चांगले काम असेल. त्याच्या सोबत्यांच्या दृष्टीने ती कर्तव्यच्युती होती. अशा या रणवाद्याचे पुढील शतकात जे झाले, ते मोठे विलक्षण आहे. ते कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांच्या, पोलीस शिपायांच्या, ट्रामचालकांच्या आणि शाळकरी मुलांच्या हाती आले. स्कॉटलंडमधील लहान लहान गावांनी आपापला पाइप बँड उभा केला आणि त्या बँडमध्ये गावाने आपले सुखदुःख ओतले. या स्थित्यंतराची कथा राजे आणि सेनापती यांच्या चरित्रांत सापडत नाही. ती वादकांच्या आठवणींत, गावांच्या स्मृतिस्तंभांपाशी आणि बंद पडलेल्या खाणींच्या नावांत विखुरलेली आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेणे इष्ट होईल. बॅगपाइपची रचना पाहिली तर साधी आहे. हवा साठविणारी एक पिशवी, तीत फुंकण्यासाठी एक नळी, बोटांनी वाजविण्याची चँटर नावाची दुसरी नळी आणि खांद्यावर टेकलेल्या तीन लांब नळ्या. या तीन नळ्यांतून एकच आधारस्वर अखंड निघत असतो. आपल्या सनईवाल्याशेजारी बसून सूर धरणारा साथीदार जे काम करतो, तेच या नळ्या करतात; येथे एकच माणूस वादक आणि साथीदार अशा दोन्ही भूमिका पार पाडतो, एवढाच फरक. चँटरवर स्वर मिळतात ते फक्त नऊ. आवाज लहान-मोठा करण्याची सोय नाही. मध्येच थांबण्याचीही सोय नाही, कारण पिशवीवरचा दाब कायम आहे तोवर हवा वाहतच राहते. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा असला तर काय करायचे? मध्ये दुसऱ्या एखाद्या स्वराचा निमिषभर स्पर्श द्यायचा. आपल्या गायकीत कणस्वर हा अलंकार मानतात. बॅगपाइपच्या वादनात तो अलंकार तर आहेच, पण त्यावाचून वाक्यातले शब्दच एकमेकांपासून वेगळे होत नाहीत. वादकाची सारी साधना या क्षणिक स्पर्शांची असते, आणि ते स्वच्छ पडतात की नाहीत यावर त्याची परीक्षा होते.

हायलंड्समध्ये कुळांची सत्ता होती, तोवर हे वाद्य कुळप्रमुखांच्या आश्रयाने वाढले. स्काय बेटावरील डनव्हेगनच्या मॅक्लाउड कुळप्रमुखांच्या पदरी मॅक्रिमन घराण्यातील पायपर पिढ्यान्‌पिढ्या होते आणि बोररेग येथील त्यांच्या विद्यालयात दूरदूरचे शिष्य शिकावयास येत. स्वरलिपी वापरात नव्हती. गुरू विशिष्ट अक्षरसमूह गाऊन दाखवी, शिष्य ते पाठ करी आणि मग ते बोटांत उतरवी. मृदंग किंवा तबला शिकलेल्या माणसाला ही बोलांची पद्धत परकी वाटणार नाही. या परंपरेतील ‘पिब्रॉख’ हा थोर संगीतप्रकार प्रथम एक संथ स्वराकृती मांडतो आणि मग तिचा क्रमाक्रमाने विस्तार करीत शेवटी पुन्हा मूळ आकृतीवर येऊन विसावतो. मृतांचा शोक, मानवंदना, सैन्याचा जमाव अशा प्रसंगांसाठी ही रचना होई. ती ऐकावयाची एकट्या वादकाकडून. तिच्यात ढोल नव्हते, आणि बँड ही कल्पनाही नव्हती.

१७४५ साली स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या बाजूने हायलंडर कुळांनी बंड केले आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्यांचा निःपात झाला. त्याच वर्षी जो कायदा झाला, त्याने हायलंडरांची शस्त्रे काढून घेतली आणि पुढे त्यांच्या पोशाखावरही बंदी आली. बॅगपाइपचा त्या कायद्यात उल्लेख नाही. तरीही बंडखोरांच्या फौजेतील जेम्स रीड नावाच्या पायपरला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात यॉर्क येथे फाशी देण्यात आले. आपण हाती शस्त्र धरले नव्हते, हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. हायलंडरांची पलटण पायपरवाचून कधी कूच करीत नाही, सबब त्याचे वाद्य हे युद्धाचेच साधन होय, असा निर्णय झाला. असईचे टोमणे आणि यॉर्कचा हा निवाडा यांत सत्तावन्न वर्षांचे अंतर आहे. एका प्रसंगी सोबत्यांनी आणि दुसऱ्या प्रसंगी शत्रूने, पण दोघांनीही पायपरची गणना लढवय्यांतच केली.

कुळांची सत्ता मोडल्यावर या कलेचे दोन प्रवाह झाले. एक प्रवाह स्पर्धांच्या मार्गाने जिवंत राहिला. लंडनच्या हायलंड सोसायटीने १७८१ साली फॉल्कर्कच्या गुरांच्या बाजारात बॅगपाइपवादनाची स्पर्धा भरविली. दुसरा प्रवाह ब्रिटिश सैन्यात गेला. ज्या सरकारने हायलंडरांचा पोशाख हिरावून घेतला, त्याच सरकारने तो पलटणींत त्यांना घालावयास दिला आणि त्यांचे वाद्य त्यांच्यापुढे वाजत ठेवले. साम्राज्याच्या इतिहासात अशा विसंगती अनेक आढळतात. मात्र पायपरांना सैन्याच्या अधिकृत नोंदीत स्थान मिळण्यास १८५४ साल उजाडावे लागले. तोपर्यंत त्यांचा खर्च बहुधा अधिकारीच सोसत. पलटणीत पायपरांच्या जोडीला ढोलवाले आधीपासून होतेच. पाइप आणि ढोल एकत्र येऊन कूचगीते वाजवू लागले, आणि आज ज्याला पाइप बँड म्हणतात तो आकाराला आला. एकट्या वादकाच्या चिंतनशील पिब्रॉखची जागा अनेकांनी एका ठेक्यात वाजविण्याच्या मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील या प्रकारांनी घेतली.

हा बँड सैन्यातून गावात कसा आला? १८५९ साली फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनभर स्वयंसेवक पलटणी उभारल्या गेल्या. दिवसा दुकानात किंवा गिरणीत काम करणारा माणूस संध्याकाळी कवायतीला जाऊ लागला आणि त्याच्याबरोबर बँडची हौस शहराशहरांत पसरली. सैन्यातून निवृत्त झालेले पायपर शिक्षक म्हणून मिळू लागले. हायलंड्समधील हजारो कुटुंबे जमिनीवरून उठविली गेली होती; त्यांतील कित्येक जण ग्लासगोच्या परिसरात कामधंद्यासाठी आले होते. पोलीस दलात अशा धिप्पाड हायलंडरांचा भरणा असे. क्लाइड नदीकाठच्या गव्हन या जहाजबांधणीच्या गावी पोलिसांनी १८८३ साली आपला बँड उभा केला. १९१२ साली गव्हन ग्लासगोत विलीन झाले, तेव्हा हाच बँड ग्लासगो शहर पोलिसांचा बँड झाला आणि पुढे जगातील नामांकित बँडांमध्ये गणला गेला. त्याच १८८३ साली ग्लासगोत विल्यम स्मिथ याने मुलांसाठी ‘बॉइज ब्रिगेड’ ही संघटना स्थापन केली. तिच्या शाखांतूनही असंख्य मुलांनी पहिला चँटर हाती धरला. १८८७ साली फॉल्कर्कजवळच्या वॉलेसस्टोन या खेड्यात गावकऱ्यांचा बँड निघाला. तो आजही वाजतो आहे आणि सैन्य-पोलिसांशी संबंध नसलेल्या बँडांत सर्वांत जुना असल्याचा मान सांगतो.

खरा बहर आला तो कोळशाच्या मुलखात. फाइफ, लॅनार्कशर, एअरशर या परगण्यांत खाणीभोवती वस्त्या वाढल्या होत्या. सारखी घरे, एकच मालक, एकच धंदा आणि जमिनीखाली एकच धोका. अशा वस्तीला आपले म्हणावे असे फार थोडे असे. घर मालकाचे, कोळसा मालकाचा; बँड मात्र आपला. पगारातून थोडी थोडी वर्गणी जमे आणि तीतून पोशाख, ढोल व पाइप विकत घेतले जात. १९२० च्या कायद्याने खाणकामगारांच्या कल्याणनिधीची तरतूद झाली आणि कोळशाच्या दर टनामागे एक पेनी त्या निधीत जमा होऊ लागली. त्या पैशातून गावोगावी कामगारांची सभागृहे उभी राहिली. वाचनालय, खेळ आणि सभा यांच्याबरोबर बँडच्या तालमीलाही छप्पर मिळाले.

अशा बँडमध्ये वाढलेल्या वादकांच्या आठवणी बहुधा रस्त्यावरच्या संचलनापासून सुरू होत नाहीत. त्या सुरू होतात एका टेबलापासून. हिवाळ्याची संध्याकाळ, सभागृहातील थंड खोली आणि टेबलाभोवती बसलेली आठ-दहा वर्षांची मुले. प्रत्येकाच्या हाती सरावाचा चँटर. त्याला पिशवी नाही, अखंड सुराच्या नळ्याही नाहीत. आवाज किरटा, मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा. महिनेच्या महिने ते कणस्वर घोटावयाचे. टेबलाच्या टोकाला पाइप मेजर बसलेला असे. हे पद सैन्यातले, पण ते भूषविणारा मनुष्य दिवसा खाणीत कोळसा तोडणारा असे. पुष्कळदा तो त्यातल्या एखाद्या मुलाचा बाप किंवा काकाही असे. बोट चुकले की टेबलावर टिचकी वाजे आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ होई. खरी पाइप हातात येण्यास वर्ष-दोन वर्षे लागत. ती हाती आली की नवीच अडचण उभी राही. फुंकणे, पिशवी दाबणे, बोटे चालविणे आणि पावले टाकणे या चार क्रिया एकाच वेळी साधावयाच्या; एक सावरावी तर दुसरी निसटे.

पोशाख बँडच्या मालकीचा असे. आदल्या धन्याच्या मापाचा किल्ट नव्या मुलाला घोट्यापर्यंत लोंबे आणि आई तो रात्री बसून दुमडून देई. किल्टला सात-आठ वार लोकरी कापड लागते; पावसात भिजला की त्याचे ओझे कमरेला जाणवे. ढोलांवर तेव्हा चामडे मढविलेले असे आणि ओलीने ते सैल पडे. पत्त्यांचे दुखणे तर कायमचेच. चँटरमधील बोरूची पत्ती ही थंडीत एक बोले, उन्हात दुसरे. पंधरा-वीस चँटर एका स्वरात मिळवायचे म्हणजे पाइप मेजरच्या कानाची कसोटी असे. तो एकेकासमोर उभा राहून ऐके, चँटरच्या भोकावर मेणकापडाची बारीक पट्टी सरकवी, पुन्हा ऐके आणि पुढे जाई. लॅनार्कशरमधील शॉट्स गावच्या मॅक्‌अॅलिस्टर कुटुंबाने बँडचे नेतृत्व केले आणि पत्त्या घडविण्याच्या कामातही नाव मिळविले, यावरून या बारीकसारीक कारागिरीचे मोल कळून येईल.

फुंकणाऱ्याचे सारे भांडवल म्हणजे त्याची छाती आणि त्याची बोटे. आणि खाणीत नेमकी या दोहोंवर संक्रांत येई. कोळशाच्या धुळीने छाती भरे. घसरलेला दगड किंवा सुटलेली गाडी बोटांवर येई. पाळीचे वेळापत्रक सांभाळून तालीम ठेवावी लागे; रात्रपाळीचा माणूस झोपेतून उठून येई आणि वाजवून थेट खाणीत उतरे. फाइफमधील बोहिल येथील खाणीत ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी स्फोट होऊन दहा माणसे दगावली. अशा गावांत अंत्ययात्रेपुढे वाजविणारा आणि मृत माणूस हे कालपर्यंत एकाच पिंजऱ्यातून जमिनीखाली उतरणारे सोबती असत. लग्न, बारसे, मुलांच्या वार्षिक जत्रेची मिरवणूक, संपातील मोर्चा आणि मृत्यू या सर्व प्रसंगी तेच वादक, तेच वाद्य.

या ग्रामजीवनावर १९१४ च्या महायुद्धाने जो घाला घातला, त्यात बँडचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. ग्लासगोच्या ट्रामखात्यातील सुमारे हजार माणसे त्या वर्षीच्या सप्टेंबरात एका दिवसाच्या आत सैन्यात दाखल झाली आणि ट्रामखात्याचाच पाइप बँड पुढे ठेवून शहरातून निघाली. वाद्य पुन्हा आपल्या जुन्या धन्याकडे परतले होते. २५ सप्टेंबर १९१५ रोजी लूस येथे विषारी वायूने कचरलेल्या शिपायांना धीर देण्यासाठी डॅनियल लेडलॉ हा पायपर खंदकाच्या बांधावर चढून वाजवीत फिरला. जखमी झाला तरी थांबला नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु एका लेडलॉमागे किती जण न परतलेले! त्या युद्धात सुमारे अडीच हजार पायपर गेले. त्यांपैकी पाचशेच्या आसपास मारले गेले आणि सहाशे जखमी झाले, अशी नोंद युद्धानंतर प्रसिद्ध झाली. लढणाऱ्या पाच पायपरांमागे एक मेला. कित्येक घरांतल्या शिकवणीचा धागा त्यामुळे तुटला.

स्कॉटलंडमधील बहुतेक खेड्यांत त्या युद्धाचा स्मृतिस्तंभ आहे. नोव्हेंबरात स्मृतिदिनी गाव तेथे जमते आणि एकटा पायपर ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ ही शोकधून वाजवितो. १५१३ सालच्या फ्लॉडनच्या पराभवाशी तिचा संबंध सांगतात. पायपरांमध्ये असा संकेत आहे की ही धून करमणुकीसाठी चारचौघांत वाजवावयाची नाही. अंत्यविधी आणि मृतांचे स्मरण एवढ्यापुरतीच ती राखलेली असते. ज्या बँडने मुलांना युद्धाकडे नेले, त्याच बँडवर त्यांचा शोक वाहण्याची जबाबदारी येऊन पडली. गावाने ती त्याच्यावर सोपविली आणि बँडने ती मुकाट्याने पत्करली. रणवाद्य ग्रामवाद्य झाले ते वर्गणीने किंवा पोशाखाने झाले नसावे. ते या स्तंभासमोर झाले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

१९३० साली स्कॉटलंडमधील बँडांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली आणि स्पर्धांना शिस्त आली. १९४७ साली एडिंबरो येथे पहिले जागतिक अजिंक्यपद ठेवण्यात आले. ते कोणी जिंकावे? ज्या बोहिलच्या खाणीत सोळा वर्षांपूर्वी दहा जण दगावले होते, तेथील कामगारांच्या बँडने. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. पुढच्या वर्षी, १९४८ साली, हा मान शॉट्स अँड डाइकहेड या बँडकडे गेला. लोखंड आणि कोळसा यांवर जगणाऱ्या गावाने १९१० मध्ये उभारलेला हा बँड. १९५७ पासून १९६० पर्यंत सलग चार वर्षे त्याने अजिंक्यपद राखले. त्याचा प्रमुख ढोलवादक अॅलेक्स डथर्ट याने बँडमधील ढोलाची भाषाच बदलून टाकली. पूर्वी ढोल केवळ पावलाला ठेका देई. डथर्टने त्याला पाइपच्या सुरावटीशी बोलावयास शिकविले. आजही जगभरचे ढोलवादक त्याच्या रचना गिरवितात.

पण अजिंक्यपदांनी कोळसा वाढत नाही. १९६० च्या दशकात फाइफ आणि लॅनार्कशरमधील खाणी एकामागून एक मिटू लागल्या. १९६५ साली बोहिलची खाण बंद झाली. १९८४-८५ चा वर्षभराचा संप कामगारांनी हरला. अनेक खाणींवर ते आपली निशाणे आणि बँड पुढे ठेवून ताठ मानेने कामावर परतले, तरी पुढचे चित्र बदलले नाही. २००२ साली लाँगॅनेटच्या खाणीत पाणी शिरले आणि स्कॉटलंडमधील अखेरची खोल कोळसाखाण बंद झाली. वर्गणी देणारे गेले, निधी आटला, सभागृहे ओस पडली. काही बँड नाहीसे झाले. काहींनी शेजारच्या गावाशी हातमिळवणी केली. डायझार्ट आणि डंडोनल्ड ही फाइफमधील दोन गावांची नावे एकत्र धारण करणाऱ्या बँडने १९७७ व १९७८ साली जागतिक अजिंक्यपद पटकाविले. शॉट्सचा बँड तर आपल्या गावातील भट्ट्या आणि खाणी गेल्यावरही वाजत राहिला. २०१५ साली त्याने सोळाव्यांदा जगज्जेतेपद मिळविले. गावाचा धंदा संपला होता. गावाचे नाव मात्र ग्लासगोच्या मैदानात ध्वनिक्षेपकावरून पुकारले गेले.

एव्हाना हे वाद्य स्कॉटलंडचेही एकट्याचे राहिलेले नाही. देशांतर केलेल्या स्कॉट लोकांनी ते कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे नेले. १९८७ साली कॅनडातील ओंटॅरिओ प्रांताच्या एका बँडने जागतिक अजिंक्यपद समुद्रापार नेले, तेव्हा स्कॉटलंडमध्ये अनेकांना हळहळ वाटली आणि जाणत्यांना अभिमानही वाटला. पुरुषांची मिरास असलेल्या या क्षेत्रात स्त्रिया आल्या. लंडनजवळच्या डॅगनम येथे १९३० साली मुलींचा पाइप बँड निघाला, तो पुष्कळांना कौतुकाचा विषय वाटला होता. आज स्कॉटलंडच्या गावबँडांत मुली मुलांच्या बरोबरीने वाजवितात. आधारस्वराच्या नळ्यांतील पत्त्या आणि पिशव्या आता बव्हंशी कृत्रिम पदार्थांच्या असतात आणि पावसाचा धाक कमी झाला आहे. २०२१ पासून स्कॉटलंडमधील सरकारी शाळांत वाद्यशिक्षणाची फी माफ झाली. तरीही टेबलाच्या टोकाला बसून टिचकी वाजविणारा माणूस सरकारी खर्चाने निर्माण होत नाही. तो गावातच तयार व्हावा लागतो, आणि गावात माणसे टिकली तरच तो तयार होतो. लहान बँडांपुढचा खरा प्रश्न आज हाच आहे.

दरवर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीन या मैदानावर जागतिक स्पर्धा भरते आणि जगभरातून सुमारे दोनशे बँड तेथे येतात. पहिल्या श्रेणीच्या नामांकित बँडांभोवती गर्दी जमते. पण मैदानाच्या कडेला, जेथे खालच्या श्रेणीचे बँड वाजवितात, तेथे उभे राहिलेल्या माणसाला या इतिहासाचे सार अधिक चांगले दिसेल. एखाद्या जुन्या खाणगावचा बँड संचलन करीत येतो आणि वर्तुळ करून उभा राहतो. सर्वांची तोंडे आत, एकमेकांकडे. परीक्षक बाहेरून, पाठीमागून फिरत गुण टिपीत असतात. प्रेक्षकांनाही पाठीच दिसतात. पंढरीच्या वाटेवरील रिंगण पाहिलेल्या मराठी माणसाला वर्तुळाची ही ओढ सहज उमजेल. सत्तरीचा आजोबा, त्याची नात, पोस्टात काम करणारा, रुग्णालयातील परिचारिका असे सारे तेथे खांद्याला खांदा लावून उभे असतात. ज्याला एकट्याला चमकावयाचे आहे त्याला येथे जागा नाही. आपला सूर इतरांच्या सुरात इतका मिसळून जावा की तो वेगळा ऐकूच येऊ नये, हीच येथील परमावधी.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी अडगावच्या रणांगणावर एक पायपर आपल्या सोबत्यांत पुन्हा मान मिळविण्यासाठी जिवाच्या आकांताने वाजवीत होता. आजच्या या वर्तुळातील मुलगीही सोबत्यांच्या नजरेला नजर देऊनच पहिली फुंक मारते. तिच्यापुढे शत्रू नाही आणि तिच्यामागे पलटण नाही. असईच्या त्या संध्याकाळी वाद्य खाली ठेवून जो जखमींकडे धावला, त्याला त्या दिवशी टोमणे ऐकावे लागले. त्याच्या वाद्याला मात्र पुढे त्याचीच वाट सापडली. घायाळ झालेल्या गावांजवळ बसून राहण्याचे काम त्याने पत्करले, आणि शॉट्ससारख्या अनेक गावांत ते आजही चालू आहे.